एसटीतून निवृत्त झालो, पहाटे पावणेचारला जाग येते. पुढे काय करू?

मुक्कामी गाडी

नमस्कार मंडळी. इथं वर्षभर वाचतोय, लिहायची पहिलीच वेळ.

३१ मे ला मी एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालो. ३२ वर्षं नोकरी, सगळी सातारा जिल्ह्यात, त्यातली शेवटची ११ वर्षं वाई आणि धोमच्या मागची गावं. आगारात निरोप समारंभ झाला, फेटा बांधला, शाल-श्रीफळ दिलं. आमच्या चालक मित्रानं शेवटची फेरी संपल्यावर गाडीतून उतरू दिलं नाही, म्हणाला आधी घंटी मार. डबल मारली आणि उतरलो. त्या दिवशी काही वाटलं नाही. आता अडीच महिने होत आले.

पहाटे पावणेचारला जाग येते. गजर लावलेला नसतो. सव्वापाचच्या गाडीसाठी उठायची ती वेळ. उठतो, तोंड धुतो आणि मग तसाच उभा राहतो. मंडळींची झोप मोडू नये म्हणून दिवा लावत नाही, अंगणात येऊन बसतो. पाच वाजून दहा मिनिटांनी सडकेवरून गाडी जाते. चढाला गिअर कसा पडतो त्यावरून आज कोण चालवतोय ते कळतं.

मुलगा चाकणला कंपनीत आहे, तो म्हणतो इकडं या. भाऊ म्हणतो रानात ये. पण ३० गुंठ्यांत दोन माणसांचं काम नाही, मी गेलो की तो मला बसायला बाज टाकून देतो. संध्याकाळी देवळात हरिपाठाला जातो, तिथं मन लागतं. पण तो तासाभराचा.

माझं नेमकं काय सुटलंय ते सांगतो. गाडी रात्री जिथं मुक्कामाला थांबायची त्या गावात एक म्हातारी होती. नातू वाईला वसतिगृहात राहून शिकायचा. ती रोज पहाटे गाडीपाशी येऊन त्याचा डबा माझ्या हातात द्यायची. तीन पुडाचा डबा, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला, वर दोन गाठी. मी तो सीटखाली कधी ठेवला नाही, धरणाकाठच्या वळणांना कालवण सांडायचं. तिकिटं काढून झाली की मांडीवर घेऊन बसायचो, ऊब लागायची. संध्याकाळी रिकामा डबा आणि तिच्या गुडघ्याच्या गोळ्या परत न्यायच्या. चार वर्षं हे चाललं. एकदा आठ दिवस माझी ड्युटी बदलली, तर तिनं दुसऱ्या वाहकाला रोज विचारलं, "आमचं कंडक्टर कुठं हायती?"

पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतली, तीन हजारांच्या आत, त्यामुळे खर्चाचा छंद जमणार नाही. शिक्षण बारावी. गुडघे थोडे दुखतात, बाकी तब्येत ठणठणीत. आवाज मोठा आहे, गाडी चढाला लागली तरी मागच्या सीटपर्यंत जायचा, गावाचं नाव दोनदा पुकारावं लागलं नाही कधी.

वेळ घालवायला काही सुचवू नका. वेळ जातोच. मी गेलो नाही तर कुणाचं तरी अडेल, असं काहीतरी पाहिजे. तुमच्यात कुणाला असं सापडलं असेल तर सांगा.

उंबरठा

भाऊ, मी तुमच्या मंडळींच्या जागेवरून लिहिते. आमचे हे बँकेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. दुपारी दोन ते साडेतीन हा वेळ तीस वर्षं माझा होता. भांडी आवरली की पाठ टेकायची, पेपर वाचायचा, कधी शेजारीण यायची आणि आम्ही गहू निवडत बोलायचो. हे घरी बसायला लागल्यावर शेजारीण यायची थांबली. दोन वाजता चहा व्हायला लागला. त्यांनी काही वाईट केलं नव्हतं. घर त्यांचंही होतं. पण मला आठ महिने बोलता आलं नाही आणि राग साठत गेला. शेवटी एकदा रडून सांगितलं तेव्हा त्यांना खरंच धक्का बसला, त्यांना वाटत होतं मला सोबत झाली.

तुम्ही जे काही कराल ते त्यांना विचारून ठरवा. आणि पहाटे पावणेचारला तुम्ही अंधारात उठता तेव्हा त्या झोपलेल्या नसतात, हे धरून चाला.

पासबुक

बाकी सगळं नंतर, आधी एक तातडीचं. वय ५५ ते ६० मध्ये निवृत्त झालेल्यांना पोस्टाचं किंवा बँकेचं ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं काढता येतं, पण निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत. तुमचे अडीच होत आले म्हणता. फंड आणि ग्रॅच्युइटीची रक्कम कधी जमा झाली ती तारीख बघा आणि याच आठवड्यात पोस्टात जा. व्याज दर तीन महिन्यांनी हातात येतं. आणि पहिलं वर्षभर त्या पैशातून कुणालाही उसने देऊ नका, सख्ख्यालासुद्धा. दुसरं, ईपीएसचा हयातीचा दाखला वर्षातून कधीही देता येतो आणि दिल्यापासून १२ महिने चालतो, नोव्हेंबरच्या गर्दीत उभं राहायची गरज नाही.

सजा

दादा, तुम्ही ज्या रस्त्यानं ११ वर्षं गेलात त्यावर मेणवली लागते. नाना फडणवीसांचा वाडा तिथला. त्यांच्या कागदपत्रांना मेणवली दप्तर म्हणतात आणि ते मोडी लिपीत आहे. त्यावरूनच मला लिहावंसं वाटलं.

मी तलाठी होतो. नोकरीभर आमच्या कपाटात तांबडी पडलेली मोडी पानं होती. कुणी जुनी नक्कल मागायला आलं की ती पानं उलटायची आणि "वाचता येत नाही" म्हणून सांगायचं. समोरचा माणूस निमूटपणे जायचा. ते मला निवृत्तीनंतर फार टोचायला लागलं, माझ्याच ताब्यातली पानं आणि मलाच वाचता येत नव्हती. मग शिकलो. पुराभिलेख विभाग अधूनमधून मोडीचे वर्ग घेतो, तिथं दहा दिवसांत अक्षरं ओळखू आली. वाचायला यायला मात्र सव्वा वर्ष गेलं. रोज एक पान, सकाळी सात ते नऊ.

लिहिणाऱ्यानं आधी कागदाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवी रेघ ओढलेली असते, आणि मग अक्षरं त्या रेघेला लटकवत, हात शक्य तितका न उचलता, तो लिहीत जातो. दोन शब्दांत जागा सोडलेली नसते. ऱ्हस्व-दीर्घ नाही, पूर्णविराम नाही. त्यामुळे डोळ्यांनी वाचून भागत नाही, तोंडानं पुटपुटत वाचावं लागतं, कानाला शब्द लागला की पुढची ओळ सुटते. सालं वेगळीच, अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहिलेली. "खमस सबैन मया व अलफ" म्हणजे पाच, सत्तर, शंभर, हजार, मिळून ११७५. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७४, मृगाला सुरू होणारं. हे पहिल्यांदा जुळलं त्या दिवशी मी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं होतं.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी तपासायला सरकारनं न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली आणि गावोगावची दप्तरं उघडली गेली. मोडी वाचणारे कमी पडायला लागले, तेव्हा मलाही बोलावणं आलं. रोज चारशे-पाचशे पानं नजरेखालून घालायचो. पण मला लक्षात राहिलाय तो दुसराच कागद. एक शेतकरी देव्हाऱ्यात जपलेली घडी घेऊन आला, जमिनीचा कागद आहे म्हणून. वाचला तर बैलाच्या खरेदीचा कर्जरोखा निघाला, रुपये ३५॥, म्हणजे साडेपस्तीस. मला वाटलं आता याचा चेहरा पडणार. पण रोख्यात त्याच्या खापरपणजोबाचं नाव होतं, अमुक बिन तमुक असं, म्हणजे त्याच्याही बापाचं नाव आलं. घरात कुणालाच ते माहीत नव्हतं. त्यानं मला ते नाव तीनदा वाचायला लावलं आणि शेवटी बोटानं दाखवायला लावलं, नेमकं कुठून कुठपर्यंत ते.

शिकायचं असेल तर सांगा. सरावाला द्यायला माझ्याकडे सोप्या हाताच्या पन्नासेक पानांच्या झेरॉक्स आहेत.

जुनी शाळा

वाहकदादा, तलाठीदादांनी छान लिहिलंय, पण तुमच्या पत्रातल्या दुसऱ्याच एका ओळीवर मी थांबले. आवाज मागच्या सीटपर्यंत जायचा आणि नाव दोनदा पुकारावं लागलं नाही, ही ती ओळ.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, ६७ वर्षांची, साताऱ्यात असते. आठ वर्षं मी अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करते. लोकांना वाटतं आता फोनच वाचून दाखवतो, माणसाची काय गरज. फोन वाचतो हे खरं, आणि मुलं तो फार सराईतपणे वापरतात. पण युनिकोडमध्ये, म्हणजे फोनला ओळखता येणाऱ्या अक्षरांत, टाइप केलेलं असेल तरच खात्रीनं. मराठीत कॉलेजच्या नोट्स म्हणजे कुणीतरी वहीच्या पानाचा काढलेला फोटो, नाहीतर जुन्या फाँटमधली पीडीएफ. ती फोनला दिली की मराठीच्या जागी भलतीच अक्षरं बडबडतो. परीक्षा आठ दिवसांवर आणि पोर त्या बडबडीतून अर्थ काढत बसलेलं मी पाहिलंय.

परीक्षेत लेखनिक म्हणून आपण बहुतेक वेळा बसू शकत नाही, लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी लागतं, दहावीच्या मुलाला खालच्या वर्गातला लागतो. आपलं काम वर्षभराचं आहे.

करायचं कसं ते सांगते, कारण मी पहिलं वर्ष चुकीचं केलं. मी वर्गात शिकवल्यासारखं, हावभावानं वाचायचे. मुलांना ते नको असतं. ती दीडपट-दुप्पट वेगानं ऐकतात, चढउतार केले की शब्द तुटतात. एका सुरात, स्वच्छ, प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर खाली न सोडता वाचायचं. पान बदललं की पान क्रमांक सांगायचा, वर्गात बाई "पान ४२ उघडा" म्हणाल्या तर त्याला ४२ सापडलं पाहिजे. चौकट आली की "चौकट सुरू" आणि "चौकट संपली". अनोळखी नाव आलं की एकदा अक्षरं सुटी करून सांगायची. कोष्टक असेल तर प्रत्येक ओळीला रकान्याचं नाव पुन्हा म्हणायचं. "सातारा, पाऊस अमुक, गहू तमुक, सांगली, पाऊस अमुक, गहू तमुक." नुसते आकडे वाचत गेलात तर तिसऱ्या ओळीला तो हरवतो. मनाचं काही घालायचं नाही, गाळायचंही नाही. पुस्तकात छपाईची चूक असली तर आधी आहे तसं वाचायचं, मग "बहुधा असं हवं" म्हणायचं.

पंखा बंद. मुद्रणात पंखा घरघर करतो आणि कानाला लावून ऐकणाऱ्याला ती घरघर आपल्याला वाटते त्याच्या चौपट ऐकू येते. कुकर लावलेला नसावा.

आत्ता माझ्याकडे बी.ए.च्या पहिल्या वर्षाची एक मुलगी आहे, इतिहास आणि भूगोल. माझा घसा या पावसात बसलाय, डॉक्टरांनी महिनाभर बोलू नका सांगितलंय. तिचे दोन पाठ राहिलेत. वेगळा निरोप पाठवते, बघा जमतंय का.

मुक्कामी गाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. पासबुक साहेब, पोस्टात जाऊन आलो, पाच दिवस शिल्लक होते. खातं उघडलं. वहिनी, तुमचं वाचून मंडळींना विचारलं. त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासून जागीच आहे मी." तलाठीदादा, मोडी मनात धरून ठेवलीय, पण आत्ता बाईंचे दोन पाठ आधी.

बाई, पहिला पाठ पाठवला होता तो तिनं परत पाठवला. आवाज फाटतोय म्हणाली. गाडीच्या आवाजावर आपला चढवायची माझी सवय. आता फोन हातभर लांब ठेवतो आणि देवळात शेजारच्या माणसाशी बोलतो तेवढ्याच आवाजात वाचतो. ते तिला चाललं. अडलोय एका ठिकाणी. भूगोलात महाराष्ट्रातल्या नद्यांचा नकाशा आहे. तो वाचायचा कसा?

जुनी शाळा

नकाशा वाचू नका, हाताला द्या. जाड पुठ्ठा घ्या, नदीला जाड दोरा डिंकानं चिकटवा, उपनदीला बारीक, गावाला चिंचोका. सगळ्या नद्या एका पुठ्ठ्यावर घेऊ नका, बोटं गोंधळतात. एक नदी, एक पुठ्ठा. सोबत बोलून मुद्रण द्या, उगमापासून सुरू करा आणि दिशा कधी सोडू नका. वर-खाली म्हणू नका, पूर्व-दक्षिण म्हणा.

मुक्कामी गाडी

सव्वा महिन्यानं लिहितोय. दोन पाठांचे सहा झाले. बाईंचा घसा आता बरा आहे, पण इतिहास त्यांच्याकडे आणि भूगोल माझ्याकडे अशी वाटणी झाली.

मुद्रण पहाटेच करतो. पावणेचार ते पाच. तेव्हा रस्ता बंद, कुत्रंसुद्धा गप्प असतं. मंडळी चहा करून आत आणून ठेवतात आणि दार ओढून घेतात. पाच-दहाच्या गाडीच्या आत थांबायचं असं ठरवलंय. एकदा थांबायला उशीर झाला, गाडीचा आवाज आत आला. मी तिला कळवलं की तेवढं पुन्हा करून पाठवतो. ती म्हणाली, नको, राहू द्या, पाठ कुठं संपला ते त्यावरून लक्षात राहतं.

पुठ्ठा मंडळींनी केला. माझ्या हातून दोरा वाकडा जायचा. त्यांनी कृष्णेला गोधडीचा दोरा तिपेडी वळून लावला, वेण्णेला एकपदरी. चिंचोके धुऊन, वाळवून, एका बाजूनं दगडावर घासून सपाट केले म्हणजे पुठ्ठ्यावर बसतात. मी बोट फिरवून पाहिलं, डोळे मिटून. माझं बोट वाईला आपोआप थांबलं.

मुद्रणात मी नदी गाडीसारखी सांगितली, मला दुसरी येतच नाही. कृष्णा महाबळेश्वरला सुटते. धोमला धरणात बराच वेळ थांबते. मग वाई. पुढं साताऱ्याच्या पूर्वेला संगम माहुली, तिथं उजव्या हातानं वेण्णा येऊन मिळते, तीही महाबळेश्वरचीच, दुसऱ्या वाटेनं आलेली. मग दक्षिणेला कराड. तिथं कोयना मिळते, आणि ती बाजूनं नाही, समोरासमोर येते, दोघी मिळून पूर्वेला वळतात. हे सांगताना पुठ्ठ्यावर दोन दोरे समोरासमोर आणून जोडायला मंडळींना तीन वेळा उसवावं लागलं. पुढं ब्रह्मनाळला येरळा, ही तेवढी डाव्या हातानं. मग सांगली, तिथं हरिपूरला वारणा. मग नरसोबाची वाडी, पंचगंगा. ऐकून तिचा फोन आला. म्हणाली, काका, आतापर्यंत सगळ्या नद्या मला एकाच जागी साठलेल्या वाटायच्या, नावांची यादी पाठ होती. कोयना समोरून येते हे मला बोटाला कळलं. आणि मग विचारलं, पुढं कुठं जाते?

तर मंडळी, त्यासाठी लिहितोय. कुरुंदवाडच्या पुढं माझी गाडी कधी गेली नाही. पुस्तकात "पुढे कर्नाटकात प्रवेश करते" एवढंच आहे. तिकडं अलमट्टीच्या धरणापर्यंत काठावर कोणती कोणती गावं लागतात, डाव्या हाताला कोणती, उजव्या हाताला कोणती, कुणी त्या बाजूचं असेल तर क्रमानं सांगा. सांगोवांगी नको, स्वतः पाहिलेलं सांगा. पुठ्ठा जोडून लांब केलाय, चिंचोके घासून ठेवलेत. तिला बुधवारपर्यंत द्यायचंय.